इथे टाक टाईल

आमच्या दुकानात टाईल घ्यायला फार कमी लोक येतात. बहुतेक जण 'स्टाईल' घ्यायला येतात. "म्याडम, संडास-बाथरूमले स्टाईल लावाची हाय," असं पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ म्हणाले, तेव्हा मला वाटलं, यांना काहीतरी नव्या फॅशनचं हवं आहे. मी त्यांना इटालियन नावाचं, सोनेरी नक्षीचं, दुकानातलं सगळ्यात भारी पॅनल दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, "हे नाई वो बाई. साधी स्टाईल. पांढरी. चुना मारल्यावानी दिसली पायजे."

ते गेल्यावर शेठजी, म्हणजे दुकानाचे मालक, बराच वेळ हसत होते. "बेटा, तुमच्या इंग्लिश स्कूलमध्ये स्टाईल नाही शिकवली का?"

नव्हती शिकवली. मी वर्ध्याच्या इंग्रजी शाळेत शिकले. मराठी आम्हाला तिसरी भाषा होती, आठवड्यातून तीन तास. घरी मराठीच बोलायचो, पण बाबा बँकेत, मी शाळेत जायच्या आधी सतत बदल्या, त्यामुळे आमच्या घरातलं मराठी कुठल्याच गावचं राहिलं नव्हतं. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत वाढूनही गिऱ्हाइकं मला हमखास विचारतात, "तुमी पुन्याच्या का वो?" आधी मी खुलासा करायचे. आता नुसती मान हलवते. कुठल्या बाजूला हलवली ते ज्याचं त्याने ठरवावं.

आठ वर्षं झाली या कामाला. मला बोलायला आवडत नाही हे शेठजींना पहिल्या दिवशीच कळलं होतं. तरीही त्यांनी मला ठेवलं. कोणीतरी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "दुकानात सगळे बोलतात. कोणीतरी ऐकणारं पण पाहिजे ना."

टाईल या शब्दाबद्दल मी जितका विचार केला आहे तितका बहुधा जिल्ह्यात कोणी केला नसेल. आपल्याकडे घरावर असतं ते कवेलू आणि घरात असते ती फरशी. वरचं वर, खालचं खाली, कोणी घोटाळा करत नाही. इंग्रजीत मात्र दोन्हींना एकच शब्द. एका रिकाम्या दुपारी मी कोशात पाहिलं. मुळात त्याचा अर्थ झाकणारं, आच्छादणारं. म्हणजे तो शब्द आधी डोक्यावर होता, मग पायाखाली आला. फोनच्या पडद्यावरच्या चौकोनांनाही टाईल म्हणतात. शाळेच्या वाचनालयात शब्द जुळवायचा एक खेळ होता, त्यातल्या अक्षरांच्या चकत्यांनाही टाईल्सच म्हणायचे. मधल्या सुट्टीत मी तो खेळायचे. दोन्ही बाजूंनी मीच.

एकदा कारंज्याकडून एक शेतकरी टेम्पो घेऊनच आले. दुकानाच्या फोनवर त्यांनी विचारलं होतं, "टाईल हाय का, वरती टाकाची?" मी वरच्या मजल्यावर असं समजून हो म्हटलं होतं. त्यांना गोठ्यावर टाकायला कवेलू हवे होते. त्यांनी आमची चकचकीत टाईल हातात घेतली, उन्हात धरली, त्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "याच्यावरून तं माकडं घसरतीन वो." आणि रिकामा टेम्पो घेऊन निघून गेले. मी त्यांची माफी मागायला हवी होती. मी संगणकात पाहत राहिले.

माझं काम काउंटरचं नाही, त्याच्या मागचं आहे. गिऱ्हाईक खोल्यांची मापं आणतं, मी त्याचा नकाशा काढते, त्यावर टाईल मांडते, किती डबे लागतील ते काढते. कापताना काही फुटतात, म्हणून थोड्या जास्त धरायच्या. डब्यावर बॅचचा नंबर असतो. एकाच नावाच्या दोन बॅच शेजारी लावल्या तर एक जरा पिवळी, एक जरा राखी दिसते, आणि ते खोलीत बसल्यानंतरच दिसतं. म्हणून एका खोलीला एकच बॅच. बसवल्यावर हातोडीच्या दांड्याने टकटक करून पाहायचं. खाली पोकळ राहिली असेल तर आवाज वेगळा येतो, आणि अशी टाईल आज ना उद्या तडकते. हे सगळं मला येतं. आणि खरं सांगायचं तर, चांगलं येतं. माझ्या नकाशात दाराशी कापलेल्या टाईलची दोन इंचांची चिंधी कधी येत नाही. मिस्त्री लोक म्हणतात, म्याडमचं कटिंग कमी असते.

पण आठ वर्षांत मी त्यातलं एकही घर पाहिलं नव्हतं. आमच्या दुकानातच सहा बाथरूम आहेत, तीन स्वयंपाकघरं, एक झोपायची खोली. नळांना पाणी नाही, दारांना दुसरी बाजू नाही. मी डबा त्यातल्याच एका स्वयंपाकघरात खाते, कारण तिथे ओटा आहे. वास्तुपूजनाच्या पत्रिका येतात. "म्याडम, नक्की येजो, तुमीच तं घर काढून देल्लं." मी नक्की म्हणते आणि जात नाही. अनोळखी लोकांच्या घरात, हातात ताट घेऊन कुठे उभं राहायचं ते मला कळत नाही. नागपूरला दादाला मुलगी झाली तेव्हापासून आई-बाबा तिकडेच आहेत, त्यामुळे माझ्या स्वतःच्या घरातही मी एकटीच असते. माझा फोन वाजला की मी आधी तो थांबायची वाट पाहते आणि मग मेसेज करते. या सवयीने कोणाचं कधी काही बिघडलं नाही, असं मी समजत होते. मारोतरावांच्या पॅसेजपर्यंत.

मारोतराव पिपरी मेघेचे. हिंगणघाटच्या एका मिलमध्ये कापड तपासायच्या खात्यात होते. निवृत्तीनंतर पिपरीत छोटं घर बांधलं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. बायको दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगा सुनील पुण्यात. तोच त्यांना घेऊन दुकानात आला होता, कारण घराची जुनी शहाबादी फरशी खचली होती आणि सहा महिन्यांत मारोतराव त्यावर दोनदा पडले होते.

सुनीलने दहा मिनिटांत टाईल पसंत केली. दोन फूट बाय चार फूट, फिकट हस्तिदंती, चकचकीत. तेवढ्या वेळात मारोतरावांनी चपला काढल्या होत्या आणि जमिनीवर मांडलेल्या नमुन्यांवरून अनवाणी चालत होते. पावलं उचलत नव्हते, सरकवत होते.

"कोनी हाय का इथं?" ते म्हणाले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते.

"आहे, काकाजी."

"याचे सांधे कुठी गेले, माय?"

मी सांगितलं की आता टाईल अगदी चिकटवून बसवतात, सांधा जवळजवळ कळत नाही. लोकांना तसंच आवडतं.

"मले नाई आवडत. आमच्या फरशीचे सात सांधे मोजले का सैपाकघर येते. नवव्याले बाथरूम. मी घरात डोयानं नाई चालत वो, सांध्यानं चालतो." मग आवाज जरा खाली आणून, "ते टेसनावर राहते न, पिवळी, फोडंवाली टाईल? फोडं आल्यावानी? ते भेटन का?"

"बाबा," सुनील हसून म्हणाला, "घर आहे आपलं. प्लॅटफॉर्म आहे का?"

"तू गाडीसारखा येतं अन् जातं. मंग प्लॅटफॉर्मच झाला न मा."

सुनील हसला नाही. तो माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत बोलू लागला. बहुधा वडिलांना कळू नये म्हणून. पण त्यांना कळत असावं, कारण ते अगदी स्थिर उभे राहिले. सुनीलचं म्हणणं साधं होतं. फरशी झाली की तो दोन दिवसांसाठी येणार. वडील घरात एकटे नीट वावरू शकले तर ठीक, नाहीतर तो त्यांना पुण्याला नेणार. तिथे अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, दोघं नवरा-बायको दिवसभर कामावर, बाहेरून कुलूप. "मलाही ते आवडत नाही," तो म्हणाला. "पण इथे ते पडून राहिले आणि कोणाला कळलंच नाही तर?"

तो वाईट माणूस नव्हता. ते लिहिलं पाहिजे म्हणून लिहिते.

मी म्हटलं, अशी टाईल मिळते. तिला टॅक्टाईल म्हणतात. पॅसेजमध्ये स्वयंपाकघराच्या वळणाशी एक आणि बाथरूमच्या वळणाशी एक, अशा फूटभर रुंदीच्या दोन पट्ट्या बसवता येतील. नागपूरहून मागवावी लागेल. माझ्या मानाने हे भाषणच होतं. सुनील हो म्हणाला. मारोतरावांनी चपला पायांनी चाचपून घातल्या आणि मला म्हणाले, "बढिया काम केलं, माय."

त्या दिवशी मी नकाशा फार मन लावून काढला. आमचे मिस्त्री इंग्रजी वाचत नाहीत, म्हणून नकाशावरच्या सूचना मी मराठीत हाताने लिहिते. माझं मराठी लेखन अजून शाळेतल्या तीन तासांवरच अडलेलं आहे. इंग्रजीतला 'a' मराठीत कुठे 'आ' होतो आणि कुठे डोक्यावर चंद्र घेतो, हे मला कधीच नक्की कळलेलं नाही. शिवाय पॅसेज अरुंद होता, शब्द एका ओळीत मावला नाही. तोडून दोन ओळींत लिहिला. दोन्ही वळणांवर बाण काढला आणि लिहिलं, 'इथे टाक टाईल'.

मला ते टॅक्टाईल दिसत होतं. मी आठ वेळा तरी पाहिलं असेल, दर वेळी तेच दिसलं.

काम देविदास मिस्त्रींकडे होतं. त्यांच्यासारखा हात वर्ध्यात दुसरा नाही. फरशी उखडायच्या आधी मारोतराव सेलूला बहिणीकडे गेले. आठवड्याभराने देविदास मिस्त्रींचा फोन आला. मी तो वाजू दिला. पुन्हा आला, पुन्हा वाजू दिला. मग मेसेज केला, 'नकाशात लिहिलं आहे तसं करा.'

शनिवारी सकाळी नागपूरहून पिवळ्या टाईलचे डबे आले. पिपरीला पोचवायला सांगितलं तर गाडीवाल्याने माझ्यासमोरच देविदास मिस्त्रींना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. तिकडून उत्तर आलं, "काम तं परवाच झालं. आता कायची टाईल?"

मी गाडीवाल्याच्या हातातून फोन घेतला. "मिस्त्री, पॅसेजमध्ये काय बसवलंत?"

"तेच. दोन बाय चार. घरभर बसवली तेच."

"आणि वळणांवर?"

"वळनावर पन तेच. तुमीच लिवलं होतं न, इथे टाक टाईल. म्या टाकली." मग ते म्हणाले, "मले नवल वाटलं म्याडम. घरभरच टाईल टाकाची हाय, मंग या दोनच जागी बाण काढून काऊन लिवलं? म्हून तं फोन केलता. दोनदा."

मी फोन परत दिला. शेठजींनी काय झालं म्हणून विचारलं. मी "पिपरीला जाऊन येते" एवढंच म्हटलं. आठ वर्षांत मी कामाच्या वेळेत दुकानातून बाहेर पडले नव्हते. त्यांनी काही न विचारता डबे माझ्या स्कूटीवर पाय ठेवायच्या जागी ठेवायला सांगितले.

दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत सुनील हाताची घडी घालून उभा होता. मी उंबऱ्याशी थांबले. सेलूहून परतलेले मारोतराव पॅसेजमध्ये होते. नकाशातला पॅसेज मी काढला होता, मापं तोंडपाठ होती, पण त्यात माणूस नव्हता. आता एक माणूस त्यातून पाऊल सरकवत चालला होता, एकेक बोट टेकवून, काहीतरी शोधत. स्वयंपाकघराचं दार डाव्या हाताला आलं आणि मागे राहिलं. ते सरळ जात राहिले. शेवटच्या भिंतीला हात लागले तेव्हा थांबले. भिंतीवर दोन्ही तळवे ठेवून उभे राहिले. मग वळले, पण पूर्ण वळले नाहीत, आणि तिरपे चालत दुसऱ्या भिंतीवर आले.

"बाबा, डावीकडे," सुनील म्हणाला.

"सांगू नोको." ते खाली बसले. पडले नाहीत, ठरवून बसले, आणि हाताने टाईल चाचपू लागले. "मुकी हाय हे," ते म्हणाले. "चांगली हाय. पन मुकी हाय."

सुनील त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "बाबा, उद्या संध्याकाळची दोन तिकिटं काढली आहेत. थोडे दिवस चला. बघू."

खोलीत खाटेवर एक बॅग उघडी होती. त्यात धोतरं, बनियनं घड्या करून ठेवलेली दिसत होती.

मी आत गेले. "चूक माझी आहे," मी म्हटलं.

सुनीलने वर पाहिलं. मी त्याला सगळं सांगितलं. शब्द, चंद्र, बाण, न उचललेले दोन फोन. सांगताना माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटत होता. तो म्हणाला, "मॅडम, चूक कोणाची यानं आता काय फरक पडतो?"

"उद्या चार वाजेपर्यंत थांबा. डबे आणलेत. आज बसवलं तर उद्या दुपारी पाय ठेवता येईल."

"आणि तरीही नाही जमलं तर?"

उत्तर खालून आलं. "सुनील, चार वाजेलोक मी काई पयून नाई जात. थांब न."

मी फोन करून बोलावलं तसे देविदास मिस्त्री आले. मी डबा फोडून टाईल त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अवं, फोडंवाली! टेसनावरची! असं लिवाचं न म्याडम, मी झोपेत बसवली असती. हे टाक टाईल काय हाय?"

"इंग्रजी नाव आहे."

"इंग्रजीत पन टाक म्हनते?"

मारोतराव जमिनीवर बसल्या बसल्या हसायला लागले, मग देविदास मिस्त्री, मग सुनीलसुद्धा. मला हसू आलं नाही. काकाजींनी दुकानात मला नेमका शब्द दिला होता. तो जिल्ह्यातल्या कुठल्याही मिस्त्रीला कळला असता. मी तो दुरुस्त केला होता.

तेव्हापासून मी नकाशावर गिऱ्हाइकाचाच शब्द लिहिते. स्टाईल म्हणाले तर स्टाईल, चुना मारल्यावानी म्हणाले तर चुना मारल्यावानी. एकदा एका बाईंनी 'साबुदाण्याच्या खिचडीसारखी' टाईल मागितली, मी तेच लिहिलं, आणि बरोबर तीच बसली.

त्या शनिवारी, पट्टी कुठे बसवायची हे दाखवायला मी नकाशा उघडला. देविदास मिस्त्री खडू घेऊन स्वयंपाकघराच्या दारासमोर रेघ मारायला वाकले. मारोतरावांनी विचारलं, "कुठी मारून राह्यला गा?"

"दारासमोर. म्याडमनं काढलं तसं."

"मंग काय फायदा? वळाच्या आधी कळलं पायजे. वळाच्या जागी कळून मी काय करू?"

मी नकाशाची घडी घातली. म्हणजे मी बरोबर शब्द लिहिला असता, योग्य टाईल वेळेवर बसली असती, तरी ती चुकीच्या जागी बसली असती. "काकाजी, तुम्ही चालून दाखवा," मी म्हटलं. "सांधे होते तेव्हा जसे चालायचात तसे."

ते खाटेपासून निघाले. मी त्यांच्या पायांशी गुडघ्यांवर सरकत होते, हातात पेन्सिल. एका जागी ते थांबले. "इथं मले कळाचं, का आता पुढं वळाचं." मी त्यांच्या अंगठ्यापुढे खूण केली. "आनखीन जराक अलीकडं. हा. बस." त्यांची टाच भेगाळलेली होती आणि अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, बहुधा पडल्यामुळे. आठ वर्षांत मी इतक्या घरांच्या फरश्या काढल्या, त्यावर चालणारं पाऊल इतक्या जवळून पहिल्यांदा पाहत होते.

देविदास मिस्त्रींनी ग्राइंडरने रेघेवर कापलं आणि छिन्नीने नवीकोरी टाईल फोडली. कालपरवा आपणच इतक्या सफाईने बसवलेली टाईल फोडताना मिस्त्रीच्या चेहऱ्यावर काय येतं ते मला सांगता येणार नाही. ते एकदाच म्हणाले, "आवाज पाहा, ठोस हाय. एक पन पोकळ नोहोती." लवकर सुकणारा सिमेंटचा मसाला कालवून त्यांनी दोन्ही पिवळ्या पट्ट्या बसवल्या. फोडं आजूबाजूच्या टाईलपेक्षा जेमतेम वर राहतील, पायाला लागतील पण अडवणार नाहीत, इतकीच. दिसायला ते अजिबात चांगलं नव्हतं. हस्तिदंती फरशीत रेल्वे स्टेशनचे दोन तुकडे. दुकानात मी असा नमुना कधी मांडला नसता.

रविवारी साडेतीनला मी पुन्हा गेले. जाण्याचं काही कारण नव्हतं. देविदास मिस्त्री आधीच आले होते. बॅग भरून, चेन लावून दाराशी ठेवली होती. मारोतराव खाटेवरून उठले. पाऊल सरकवत आले, पहिल्या पट्टीवर अंगठा टेकला, तो त्यांनी दोनदा दाबला, आणि डावीकडे वळून स्वयंपाकघरात गेले. आत भांड्याचा आवाज झाला. पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले, पॅसेजमधून पुढे गेले, दुसरी पट्टी, उजवीकडे, बाथरूमचं दार हाताने उघडून दाखवलं, लावलं. परत फिरले. पेल्यातलं पाणी थोडं सांडलं होतं, ते त्यांना कळलं आणि त्यांनी पायानेच पुसलं. मग पुन्हा एकदा सगळं केलं, या वेळी पेल्याशिवाय, जरा वेगात.

सुनील भिंतीला टेकून पाहत होता. त्याने बॅग उचलून खाटेवर ठेवली, चेन उघडली, आणि वडिलांचे कपडे एकेक करून कपाटात परत ठेवू लागला. "बनियन वरच्या कप्प्यात ना?"

"खालच्या. वरच्या तुह्या मायचं सामान हाय."

"रोज सकाळ-संध्याकाळ फोन करीन. उचलायचा."

"उचलीन. चाल, तुह्या गाडीचा टाइम झाला. फाटकापावतर येतो."

ते खरंच फाटकापर्यंत आले, एकटे, अंगणातल्या तुळशीला हात लावून. सुनील त्यांच्या पाया पडला. देविदास मिस्त्रींनी त्याला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि गाडी स्टेशनच्या दिशेने गेली. मारोतराव तिचा आवाज पूर्ण संपेपर्यंत उभे राहिले. मग फाटक लावलं, हाताने कडी चाचपून बसवली आणि घराकडे वळले.

मी ओसरीवर भिंतीशी उभी होते. मी निघते असं कोणाला सांगितलं नव्हतं, थांबते असंही नाही. ते माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले. चेहरा अगदी थकलेला होता. सुनीलसमोर तो तसा नव्हता. आत जाऊन ते पॅसेजमधून चालत गेले. मी मनात मोजत होते. पट्टीपाशी त्यांचं पाऊल थांबलं, मग वळलं. आत पेला वाजला, पावलं परत आली आणि खाट करकरली. नंतर घरात काहीच आवाज नव्हता.

हे त्यांनी मागितलं होतं आणि मी ते मिळवून दिलं होतं. आता या घरात वाट विचारायला त्यांना कोणाला हाक मारावी लागणार नव्हती, आणि मारली तरी ऐकायला कोणी नव्हतं.

मला आवाज न करता निघून जाता आलं असतं. ते मला उत्तम जमतं. पण ज्याला दिसत नाही अशा माणसाच्या घरात न सांगता उभं राहणं ही चोरीच आहे, असं मला त्या क्षणी वाटलं. मी घसा साफ केला.

"काकाजी, मी आहे अजून. दुकानातली. निघते आता."

मग खाटेवरूनच, शांत, जरा झोपाळू आवाजात ते म्हणाले, "बरं, माय. कडी लावजो."

मी बाहेर आले, फाटक ओढलं, आणि गजांतून हात घालून आतली कडी लावली.